विषय क्रमांक पाच: वाळवण

“आता मी जे सांगनार हाय, त्याच्यावर तुमच्यातला एकबी मानूस इस्वास ठेवायचा न्हाई,” झुंबरबाई उभ्या राहून म्हणाल्या, “आन् ठेवूबी नका. नुस्तं ऐका.”

श्रीरंग रेसिडेन्सीच्या पार्किंगमध्ये चाळीस खुर्च्या मांडल्या होत्या. त्यातल्या सव्वीसांवर माणसं होती आणि त्या सव्वीसांपैकी निम्म्यांनी मोबाईलमधून मान वर काढली. सोसायटीच्या सभेत एवढंसुद्धा फार झालं. बोअरचं पाणी आटल्याचा विषय निघाला तेव्हा चौघांनीच मान वर काढली होती, आणि त्यातल्या दोघांना नुसती जांभई द्यायची होती.

“आजी, बसा,” चेअरमन श्रीमंत बोठे म्हणाले. “विषय क्रमांक पाच. गच्चीवर वाळवण घालण्यास परवानगी मिळणेबाबत. थोडक्यात, परवानगी नाही. नियम आहे. पुढचा विषय घ्या.”

“पुढचा विषय नाही,” सेक्रेटरी यशोधरा साळवे म्हणाल्या. त्या कॉलेजात शिकवायच्या आणि इतिवृत्ताच्या वहीत प्रत्येक वाक्य पूर्णविराम देऊन लिहायच्या. “पाचच आहेत.”

“मग सभा संपली.”

“संपली कशी? बाई उभी हाय की,” झुंबरबाई म्हणाल्या.

बोठे ओव्हरसियर म्हणून निवृत्त झालेले. नऊ वर्षं चेअरमन होते, कारण दुसरं कुणी व्हायला तयार नव्हतं. लिफ्टशेजारी काचेच्या फळ्यात त्यांनी नियमावली लावली होती, तांबड्या किनारीच्या कागदावर, स्वतः टाईप केलेली. नियम सात: बाल्कनीतून गोधड्या झटकू नयेत. नियम नऊ: तळमजल्याच्या नळावर धान्य धुऊ नये. नियम बारा: दुपारी दोन ते चार कुटण्याचा आवाज करू नये. नियम चौदा: गच्ची, जिना, कंपाउंडची भिंत व पार्किंगची जमीन यांवर कोणत्याही प्रकारचे वाळवण घालू नये. यातले सात, नऊ, बारा आणि चौदा हे नियम एकट्या झुंबरबाई धनवट्यांमुळे जन्माला आले होते. लिफ्टची वाट बघताना त्या नातीकडून ते वाचून घ्यायच्या आणि पाहुणे आले की त्यांनाही वाचायला लावायच्या. ज्यांच्यामुळं फळ्यावर एकही ओळ चढलेली नाही अशा माणसांनी सोसायटीत राहून केलं तरी काय, असं त्यांना मनापासून वाटे.

“सभासद सोडून कुणाला बोलता येत नाही,” बोठ्यांनी शेवटचा उपाय केला. “फ्लॅट गोरक्षच्या नावावर आहे.”

“दोघांच्या नावावर आहे,” यशोधरा मॅडमनी वहीत न बघता सांगितलं. “त्या सहसभासद आहेत. बोलू शकतात.”

झुंबरबाईंनी मॅडमकडं असं पाहिलं, की संध्याकाळी त्यांच्याकडं काहीतरी वाटीत घालून जाणार हे पक्कं झालं.

गोरक्षची आज एमआयडीसीत पहिली पाळी होती. तो असता तर आईला त्यानं उभंच राहू दिलं नसतं. त्याची मुलगी धनश्री मात्र शेजारच्या खुर्चीत बसली होती, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत आणि परत सोडत. सगळं तिच्यामुळंच होतं. बारा दिवसांवर तिचं लग्न आलेलं. सासर बेलापूरचं. सुपारी फुटली त्या दिवशी नवऱ्या मुलाची आजी भामाबाई भर माणसांत म्हणाली होती, “आता तुमी फ्लॅटात ऱ्हाता. रुखवताच्या कुरडया इकतच्याच आनाल, व्हय ना?” विचारताना तिचा आवाज इतका गोड होता, की झुंबरबाईंना घास उतरेना. “पाच रंगांच्या,” त्यांनी उत्तर दिलं होतं, “रंगाला एकवीस. सगळ्या घरच्या. एक जरी इकतची निघाली, तर नवरी परत न्या म्हना.”

“आजी!” धनश्री तेव्हाही म्हणाली होती.

बोलून झालं होतं. पण धनवट्यांची बाल्कनी उत्तरेला. पुढं दुसरी इमारत. ऊन म्हणून काही तिथं यायचं ते समोरच्यांच्या काचेवरून, तेही सकाळी दहा मिनिटं. गोरक्ष म्हणाला, “आई, विकतच्या चांगल्या असतात, पाकिटावर तारीखसुद्धा असते.” त्यावर त्या दोन दिवस त्याच्याशी बोलल्या नाहीत, आणि शुक्रवारी सकाळी परवानगी-बिरवानगी काही नसताना पाच किलो गहू भिजत घालून मोकळ्या झाल्या. आज रविवार. उद्या गहू वाटायचे, चीक गाळायचा, रात्रभर बसू द्यायचा. मंगळवारी सकाळी चीक शिजवून गरम गरम सोऱ्यात भरायचा आणि मग कडक ऊन पाहिजे म्हणजे पाहिजेच, तीन दिवस. एकदा गहू फुगले की ते काही सोसायटीच्या पुढच्या सभेपर्यंत थांबत नाहीत. आंबतात. म्हणून झुंबरबाईंना आज, आत्ता, बोठ्यांच्या कमरेला लटकणारी गच्चीची किल्ली पाहिजे होती.

खरं तर त्या साधं सांगणार होत्या. लग्न आहे, तीन दिवस द्या, गच्ची झाडून-पुसून परत देते. घरून पाठ करून आल्या होत्या. पण उभं राहिल्यावर सव्वीस तोंडं दिसली, आणि इतक्या माणसांसमोर एवढं बेचव बोलायचं त्यांच्या जिवावर आलं.

“गेल्या सालची गोष्ट,” त्या म्हणाल्या. “आखितीचा दिवस. ऊन असं, की मोटरसायकलीच्या सीटवर बसलेला मानूस उभ्यानंच गाडी चालवायचा. गच्चीला कुलूप. जिन्यात मनाई, भिताडावर मनाई, पार्किंगच्या जमिनीवर मनाई. मी नियम वाचून घेतला, दोनदा. त्यात टेम्पोच्या टपाचं नाव नव्हतं.”

दोन-तीन जण हसले. एकशे दोनमधला सचिन, ज्याचा टेम्पो होता, तो खुर्चीत सावरून बसला.

“चौदा-अ,” बोठे म्हणाले. “तो मी नंतर घातला. वाहनांच्या टपासह.”

“घातला. माझ्यामुळंच घातला,” झुंबरबाईंनी मान्य केलं. “तर मी भिताडावर चढले, प्लॅस्टिकचा कागद सचिनच्या टपावर हातरला, आन् एकवीस कुरडया मांडल्या. वाळवण टपावर, टप गाडीवर, गाडी त्याच्या त्याच्या जागेत. जमिनीला बोट लागलं न्हाई. पन सचिनला काय ठावं? तो आला, बसला, निघाला.”

इथवर खरं होतं. सचिन निघाला होता तो बेकरीचे क्रेट घेऊन एमआयडीसीत, आणि दीड तासात परत आला होता. टपावर तेव्हा कागद होता आणि कागदाच्या दुमडीत अडकलेल्या तीन कुरडया. बाकीच्या अठरा कुठल्या चौकात उतरल्या ते कुणालाच कळलं नाही. पण अठरा कुरडया हरवल्या असं सभेत सांगून गच्चीची किल्ली मिळत नसते. लोक फार तर हळहळतात.

“निघाला तो थेट कोपरगावला,” झुंबरबाई म्हणाल्या.

सगळ्यांनी सचिनकडं पाहिलं. सचिननं झुंबरबाईंकडं पाहिलं. त्यांच्या घरची तळलेली कुरडई त्यानं किती वेळा खाल्ली याला हिशेब नव्हता.

“व्हय,” तो म्हणाला. “कोपरगावलाच.”

“इळदच्या घाटात वारं लागलं. कागद फुगला, पन कुरडया घट. माझ्या हातचा चीक हाय, सोडतोय व्हय? राहुरीच्या पुढं खड्डा आला. गाडी उडाली, कुरडया उडाल्या, हवेत उलट्या झाल्या आन् परत आपापल्या जागेवर. वरची बाजू खाली, खालची वर. मी हातानं उलटल्या असत्या तर दोन-चार मोडल्या असत्या. एक मोडली न्हाई!”

आता मोबाईल बहुतेक मांडीवर उपडे पडले होते. धनश्रीनं ओढणी तोंडाला लावली. ती हसत होती की लपत होती, हे झुंबरबाईंना बघायला सवड नव्हती.

“हे इतिवृत्तात घ्यायचं का?” यशोधरा मॅडमनी विचारलं.

“नको,” बोठे म्हणाले.

“घ्या,” झुंबरबाई म्हणाल्या. “राहुरी दीर्घ लिवा.”

“आजी, तो खड्डा सोसायटीच्या हद्दीबाहेर आहे,” बोठे म्हणाले.

“तेच तर मी सांगते! हद्दीबाहेर वाळल्या. तुमचा एक नियम मोडला न्हाई मी. नियम पाळायचा म्हनून माझ्या कुरडया कोपरगाव बघून आल्या. या वयात मीबी गेले नव्हते हो तिकडं! कोल्हारच्या पुलावर तर वऱ्हाड आडवं आलं. त्यांनी टेम्पोवर पांढऱ्याधोट कुरडया बघितल्या, म्हनले रुखवत चाललं. लागले की मागं. बँड, घोडा, नवरदेव सगळं. वाजत गाजत लोणीपतूर.”

“न्हाई आजी,” सचिन गंभीरपणे म्हणाला. “बाभळेश्वरपर्यंत. पुढं त्यांची पंगत थांबली हुती.”

“बाभळेश्वर,” झुंबरबाईंनी दुरुस्ती स्वीकारली. असा साथीदार मिळाला की बोलणाऱ्याला बरं वाटतं.

दोनशे तीनमधली रेश्मा, जी दिवसभर घरी बसून कॉम्प्युटरवर काम करायची, तिनं विचारलं, “मग आजी, परत किती आल्या?”

“एकवीस गेल्या, बावीस आल्या. एक वऱ्हाडातल्या कुनीतरी आहेर ठेवली.”

सभा खो-खो हसली. मागच्या रांगेतला एक गृहस्थ तर घरातून बायकोला बोलावून घेऊन आला. पहिल्या रांगेत बोठ्यांच्या पत्नी छबूताई मांडीवर ताटली घेऊन लसूण सोलत बसल्या होत्या. नऊ वर्षांत त्या प्रत्येक सभेला आल्या होत्या आणि एका सभेतही तोंड उघडलेलं नव्हतं. त्याही गालातल्या गालात हसल्या आणि परत लसणाकडं वळल्या.

बोठे मात्र हसले नाहीत. हसणं ओसरेपर्यंत ते थांबले. मग शांतपणे बोलले, आणि हीच त्यांची खोड वाईट होती, शांतपणे बोलले की ते बरोबर वाटायचे.

“करमणूक झाली. आता थोडक्यात कामाचं. नियम मी कुणाच्या द्वेषानं केलेला नाही. वाळवण आलं की कावळे येतात. कावळे आले की घाण येते. वर पाण्याच्या टाक्या आहेत. चोवीस घरं ते पाणी वापरतात, त्यात लहान मुलं आहेत. आज एकाला तीन दिवस दिले, तर उद्या चोवीस जण मागतील. मग गच्ची राहील का खळं होईल? तुम्हीच सांगा.”

लोकांनी माना हलवल्या. रेश्मानंही हलवली. खालच्या मजल्यावरचे दोघे “बरोबर आहे” असं म्हणाले. झुंबरबाईंना कळलं, की मघाचं हसणं सगळं फुकट गेलं. कोपरगावपर्यंत जाऊन त्या हात हलवत परत आल्या होत्या. वर तिसऱ्या मजल्यावर पातेल्यात गहू फुगत होते आणि बेलापुरात भामाबाई वाट बघत होती.

कावळ्यांवर त्यांच्याकडं तयार काही नव्हतं. गावी, पुणतांब्याला, ओट्यावर बसून बोलायच्या तेव्हा दुसऱ्या थापेलाच कुणीतरी म्हणायचं, “झुंबरे, पुरे!” मग गोष्ट तिथंच थांबायची आणि सगळ्या आपापल्या कामाला लागायच्या. इथं कुणी पुरे म्हणत नव्हतं. सोसायटीतली माणसं सभ्य. सभ्य माणसांपुढं थाप कुठवर जाईल ते बोलणाऱ्यालाही सांगता येत नाही.

“कावळ्यांचं मी सांगनार नव्हते,” त्या आवाज उतरवून म्हणाल्या. “चेअरमनसायबांना वाईट वाटंल म्हनून.”

“सांगा, सांगा!” मागून दोघे ओरडले.

“त्याच दिवशी. आखितीलाच. टेम्पो गेला तिकडं, आन् हिकडं सावेडीतले, भिस्तबागंतले, तपोवन रोडचे, झाडून सगळे कावळे आपल्या गच्चीवर. दीडशेच्या वर. मी बाल्कनीतनं मोजले. का आले? तर आपली गच्ची मोकळी. बाई न्हाई, काठी न्हाई, हाड् म्हनायला मानूस न्हाई. त्यांनी सभाच भरवली. मधी टाकीवर एक जाडजूड कावळा बसलेला. दुसरा कुनी काव करायला लागला की तो म्हनायचा, थोडक्यात.”

यशोधरा मॅडमचं पेन थांबलं. त्यांना हसू आवरेना, म्हणून त्यांनी वहीत मान घातली. बोठ्यांचे कान लाल झाले.

“हे व्यक्तिगत होतंय,” ते म्हणाले.

“कावळ्याचं सांगते मी, तुमी कशाला अंगावर घेता? तर सकाळच्या आठापासनं उन्हं उतरंस्तोवर सभा चालली. पंचवीस-तीस जन डिशवर जाऊन बसले, डिश फिरली. आठवतंय का, आखितीला तिसऱ्या मजल्याचे सगळे टीव्ही बंद पडले हुते?”

तिसरा मजला एकमेकांकडं बघायला लागला. टीव्ही खरंच बंद पडले होते.

“हो,” कुणीतरी म्हणालं. “मॅचच्या दिवशी. मेकॅनिकला कारण सापडलंच नाही.”

“कसं सापडंल? कावळे उडून गेल्यावर आला तो!”

सभेचा रंग बदलला. झुंबरबाईंना तो लगेच कळला. मघाशी लोक गंमत म्हणून ऐकत होते, आता हिशेबानं ऐकायला लागले. एक टीव्ही खरा निघाला म्हटल्यावर दीडशे कावळे अगदीच अशक्य वाटेनात.

“म्हनून म्हनते,” त्या म्हणाल्या, “गच्ची बायांना बंद केली म्हंजी कावळ्यांना देऊन टाकली. वर वाळवण असलं की बाई असती, बाई असली की काठी असती. मला तीन दिवस द्या. मंगळवार ते गुरुवार. कावळा सोडा, चिमनी टिकू द्यायची न्हाई.”

“पण तुम्ही पाहिले का ते कावळे?” रेश्मानं बोठ्यांना विचारलं.

“मी कशाला पाहीन? अक्षय तृतीयेला मी सकाळपासून गावात होतो. गच्चीला कुलूप होतं, किल्ली घरी खुंटीला होती,” बोठे म्हणाले. “वर कुणी गेलेलंच नाही.”

“मग नव्हते हे कशावरनं?” सचिन म्हणाला.

बोठे लिफ्टशेजारच्या फळ्याकडं बघायला लागले. यशोधरा मॅडमनी घड्याळ पाहिलं.

“मतदान घेऊ,” त्या म्हणाल्या. “तीन दिवस गच्ची देण्याच्या बाजूनं कोण?”

सचिनचा हात वर. मॅडमचा स्वतःचा. झुंबरबाईंचा. तिसऱ्या मजल्यावरचे दोन, टीव्हीच्या रागानं. रेश्माचा हात अर्धा वर येऊन कानामागच्या केसांत गेला. मोजले तर सगळे पाच. सत्तावीसांत पाच.

झुंबरबाई हरल्या. आता खाली बसावं, गोरक्षला फोन करून पाकिटं आणायला सांगावं आणि पाकिटांवरच्या तारखा खरवडून काढाव्यात, एवढंच उरलं होतं. पण बसता बसता त्यांना राहवलं नाही. हरलेल्या माणसाला एक वाक्य जास्तीचं बोलायची मुभा असते, असं त्या धरून चालायच्या.

“नका देऊ,” त्या म्हणाल्या. “पन वरची घान मी बघितली हाय. कावळे गेल्यावर गच्चीवर पाय ठेवायला जागा नव्हती. पिसं काय, हाडकं काय, कुटं मेलेला उंदीर काय! अन् ते आठ दिवस कुनी झाडलं न्हाई. तशा घानीत कुनाचं काय वाळलं असतं, तर तोंडात घालवलं नसतं. किळस आली असती, किळस!”

पहिल्या रांगेत ताटली खाली आपटली. लसणाच्या पाकळ्या पार्किंगभर घरंगळल्या. छबूताई उभ्या राहिल्या होत्या आणि त्यांचा हात झुंबरबाईंवर रोखलेला होता.

“खोटं! साफ खोटं बोलतीय ही बाई!” त्या ओरडल्या. “आखितीला एक कावळा फिरकला न्हाई वर! अन् घाण? मी स्वतः झाडून, पुसून, धुतलेलं लुगडं हातरलं हुतं, अन् सकाळी आठापासनं उन्हं उतरेपर्यंत काठी घेऊन बसले हुते माझ्या उडदाच्या पापडांपाशी!”